तास आधी मोजा, क्लास मग ठरवा : मुंबईतून सीईटी, जेईई आणि नीटची तयारी

अकरावीचे प्रवेश आटोपले की स्टाफरूमच्या दाराशी पालक उभे राहायला लागतात. बहुतेकांच्या हातात एखाद्या क्लासचं रंगीत माहितीपत्रक असतं आणि प्रश्न एकच असतो, "मॅडम, हा लावू का?" मी परळ भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवते. या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी एक कोरा कागद पुढे करते आणि सांगते, मुलाचा कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत यावर लिहा.

दिवा स्टेशनहून येणाऱ्या एका मुलाचा कागद मला अजून आठवतो. झोप ७ तास. कॉलेज, प्रॅक्टिकल आणि मधली रिकामी वेळ धरून ६ तास. जाऊन-येऊन प्रवास अडीच तास. आंघोळ, जेवण, पाणी भरणं, दुकानातून सामान आणणं यात अडीच तास. म्हणजे १८ तास गेले, ६ उरले. आईच्या हातातला क्लास रोज ३ तासांचा होता आणि तो दुसऱ्या स्टेशनजवळ असल्याने येण्याजाण्याचा आणखी एक तास. उरले २ तास. दिवसभर दोन ठिकाणी ऐकलेलं सगळं त्या २ तासांत, रात्री साडेनऊनंतर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी त्याने स्वतः सोडवायचं होतं. आई कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे हा अभ्यास करणार कधी?"

मुंबईत तयारीची खरी टंचाई तासांची आहे. पुस्तकं मिळतात, व्हिडिओ फुकट मिळतात, शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. मुलाने एकट्याने वही-पेन घेऊन बसायचे तास तेवढे मिळत नाहीत. म्हणून माझ्या लेखी तयारीची सुरुवात तिथून होते. आठवडाभर रोज असा कागद लिहा. सोमवार ते शनिवार स्वतःच्या अभ्यासाचे रोज किमान साडेतीन तास आणि रविवारी सात-आठ तास उरत असतील, तरच क्लासचा विचार करा. उरत नसतील तर क्लास लावू नका, किंवा फक्त अडणाऱ्या एका विषयापुरता, घराजवळचा लावा. गणिताला एक चांगले सर आणि बाकी विषय कॉलेज आणि स्वतः, एवढ्यावर उत्तम पर्सेंटाइल मिळवलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत.

कुठली परीक्षा मुख्य, ते जूनमध्येच ठरवा

तिन्ही परीक्षांचे फॉर्म भरायला काही हरकत नाही. पण तिन्हींची तयारी सारखीच करायची म्हटलं तर तास पुरत नाहीत. एक मुख्य, एक जोडीची, असं ठरवा. त्यासाठी प्रत्येकीचा स्वभाव माहीत हवा.

राज्याची एमएचटी-सीईटी अभियांत्रिकी, फार्मसी आणि कृषी शिक्षणासाठी असते. पीसीएम गटात फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५० आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी १ गुण, गणिताला २, एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतात, साधारण ८० टक्के बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर. ही ठरावीक प्रकरणं कोणती, ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमात दिलेलं असतं. ते पान छापून टेबलासमोर चिकटवा. अकरावीचं सगळं पुस्तक डोक्यावर घेऊन फिरणारी मुलं दिसतात, त्यांना या एका पानाने मोठा आधार मिळतो.

जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. ७५ प्रश्न, ३०० गुण, ३ तास. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. एनआयटीसारख्या संस्थांसाठी पर्सेंटाइलबरोबर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणंही लागतं. पवईची आयआयटी डोळ्यांसमोर असेल तर त्यापुढे जेईई ॲडव्हान्स्ड आहे. तिची तयारी वेगळ्या खोलीची असते, ती अकरावीच्या पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.

नीट वैद्यकीयसाठी. १८० प्रश्न, ७२० गुण, १८० मिनिटं, कागदावर गोल रंगवायच्या ओएमआर पद्धतीने. ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे असतात. इथे एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ वाचावं लागतं, राज्य मंडळाचं पुस्तक पुरत नाही. केईएम, सायन, नायर, जेजे यांपैकी कुठे जायची इच्छा असेल तर हेही लक्षात घ्या की सरकारी आणि पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. राहायला मुंबईत आणि बारावीचा नुसता प्रवेश दुसऱ्या राज्यातल्या शाळेत, असा सल्ला कुणी दिला तर या अटीसाठी तरी थांबून विचार करा.

माझा अनुभव असा की राज्य मंडळात शिकणाऱ्या, माटुंग्याची व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल यांसारखं कॉलेज मनात असलेल्या मुलाने सीईटी मुख्य धरावी आणि जानेवारीची जेईई जोडीला द्यावी. त्यामुळे तीन महिने आधीच मोठ्या परीक्षेच्या खोलीत बसण्याची सवय होते. नीट मुख्य असेल तर पीसीबीची, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी असलेली सीईटी जोडीला ठेवा, फार्मसी आणि कृषीची दारं उघडी राहतात. कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांनी हेही बघावं की २०२४ पासून राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही वेगळी सीईटी आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला तर ती आधीपासूनच होती.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी

याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हुशार मुलं इथे विनाकारण खचतात. दहावीला विज्ञानात नव्वदच्या पुढे गुण असलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ८ मिळवते आणि घरी सांगते, मला सायन्स जमत नाही. तिला सायन्स येत असतं. तिला प्रश्न वाचता येत नसतो.

यावर उपाय आहे आणि तो तीन महिन्यांचा आहे. शंभर पानी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, जडत्व म्हणजे इनर्शिया, संवेग म्हणजे मोमेंटम. मराठी शब्द टाकून देऊ नका, ते तुमची ठेव आहेत. जडत्व हा शब्द ऐकताच जड वस्तू हलायला नाखूश असते हे कळतं, इनर्शिया या शब्दातून ते आपल्याला आपोआप कळत नाही. मी वर्गात आजही आधी मराठी शब्द म्हणते, मग इंग्रजी.

एवढं झालं की दुसरी, जास्त महत्त्वाची यादी करायची. प्रश्नाच्या भाषेत येणारे साधे इंग्रजी शब्द, जे कुठल्याच विषयाचे नसतात म्हणून कुणीच शिकवत नाही. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. निग्लिजिबल म्हणजे नगण्य, हिशेबातून वगळा. इनिशियली ॲट रेस्ट म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, म्हणजे एक आकडा तुम्हाला आयता दिला आहे. ॲट लीस्ट टू म्हणजे दोन किंवा दोनापेक्षा जास्त. या शेवटच्या शब्दाने किती गुण जातात ते बघा. नाणं चार वेळा उडवलं तर किमान दोन छापे पडण्याची संभाव्यता १६ पैकी ११ असते. बरोबर दोनच छापे पडण्याची ८ पैकी ३. पेपर काढणारा दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवतो. गणित दोन्ही मुलांचं बरोबर असतं, शब्द एकालाच कळलेला असतो.

पेपर कुठल्या भाषेत द्यायचा हा निर्णयही याच टप्प्यावर घ्यावा. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून निवडता येतात, गणित मात्र इंग्रजीतच असतं. जेईई मेन आणि नीटला मराठीचा पर्याय आहे, पण भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. दोन वर्षं वर्गात इंग्रजी शब्द ऐकले असतील तर पेपरला अचानक मराठी निवडल्यावर ओळखीचे शब्दच अनोळखी वाटतात. जी भाषा घ्याल त्याच भाषेत वर्षभर सराव करा.

एक प्रकरण कसं संपवायचं

प्रकरण संपलं असं मुलं म्हणतात तेव्हा ते शिकवून संपलेलं असतं. माझी पद्धत सात दिवसांची आहे. पहिले दोन दिवस बालभारतीचं पुस्तक, सावकाश, पेन्सिल हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी सोडवलेली उदाहरणं, पण उत्तर झाकून. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वाध्याय पूर्ण. सहाव्या दिवशी त्या प्रकरणावरचे मागच्या वर्षांचे सीईटीचे प्रश्न, घड्याळ लावून. सातव्या दिवशी पुस्तक बंद, एका कोऱ्या पानावर त्या प्रकरणातलं जे आठवेल ते लिहायचं, सूत्रं, आकृत्या, अपवाद. जे लिहिता आलं नाही तेच पुन्हा वाचायचं. बारावीच्या फिजिक्समध्ये १६ प्रकरणं आहेत. सगळी सारखी मोठी नाहीत, सेमीकंडक्टर चार दिवसांत होतं, रोटेशनल डायनॅमिक्सला दहा द्या.

रोटेशनल डायनॅमिक्सचंच उदाहरण घेऊ. उतारावरून भरीव गोळा, तबकडी आणि कडं एकदम सोडलं, न घसरता घरंगळत आलं, तर आधी कोण खाली पोचेल? मुलं वस्तुमान आणि त्रिज्या शोधत बसतात आणि ते दिलेलंच नसतं. वस्तुमान केंद्राजवळ जितकं जास्त गोळा झालेलं, तितकी ती वस्तू फिरवायला सोपी आणि तितकी ती लवकर खाली येते. म्हणून गोळा पहिला, तबकडी दुसरी, कडं शेवटी. आकार कितीही असो, वजन कितीही असो. हे एकदा समजलं की प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. मी वर्गात स्टीलचा गोळा आणि बांगडी घेऊन जाते, फळी तिरकी लावते आणि दाखवते. घरीही करून बघा.

यानंतर चुकांची वही. तयारीत एकच गोष्ट नेमाने करणार असाल तर हीच करा. सराव करताना चुकलेला प्रत्येक प्रश्न या वहीत उतरवायचा आणि शेजारी तीनपैकी एक खूण करायची: कळलंच नव्हतं, विसरलं, की हुकलं. कळलं नसेल तर पुस्तकाकडे परत. विसरलं असेल तर त्या सूत्राची चिठ्ठी खिशात. हुकलं असेल तर नेमकं कुठे, तेही लिहायचं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत कपॅसिटरचे सलग पाच प्रश्न हुकलेले होते. पाचही ठिकाणी बॅटरी जोडलेली आहे की काढलेली, हा शब्द तिने वाचलाच नव्हता. जोडलेली असेल तर मध्ये डायइलेक्ट्रिक सरकवल्यावर विभवांतर तेच राहतं आणि प्रभार वाढतो. काढलेली असेल तर प्रभार तोच राहतो आणि विभवांतर कमी होतं. त्यानंतर तिने प्रश्नातल्या त्या एका शब्दाभोवती गोल करायची सवय लावली. महिन्याभरात ही चूक तिच्या वहीतून नाहीशी झाली. आणखी पाचशे प्रश्न सोडवून ती गेली नसती.

केमिस्ट्रीबद्दल थोडक्यात: इनऑरगॅनिक रोज थोडं, वाचून. ऑरगॅनिकच्या अभिक्रिया लिहून. फिजिकलची गणितं एककांसह. गणितात भाग दोन, म्हणजे डिफरन्सिएशनपासून पुढची कॅल्क्युलसची प्रकरणं, दिवाळीआधी व्हायला हवीत. मॅथेमॅटिकल लॉजिक आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स ही बारावीच्या पहिल्या भागातली प्रकरणं सोपी म्हणून सोडू नका. गणितात एका प्रश्नाला दोन गुण आहेत आणि ते इथे कमी कष्टांत मिळतात.

वर्षाची आखणी, मुंबईच्या दिनदर्शिकेनुसार

कुठल्यातरी दुसऱ्या शहरासाठी बनवलेलं वेळापत्रक इथे टिकत नाही. जुलैमध्ये दोन-तीन दिवस तरी गाड्या बंद पडतात. त्या दिवसांसाठी जुन्या पेपरचा एक संच घरी बाजूला ठेवा. गणपतीत लालबाग-परळच्या मुलांना रात्री बारापर्यंत ढोल-ताशे ऐकू येतात. तिथल्या मुलांना मी अभ्यासाचा आग्रह धरत नाही, ते दहा दिवस पहाटेच्या दीड तासावर भागवा किंवा डोंबिवली-बदलापूरला मामाकडे जा. एका मुलीने दोन्ही वर्षं तसं केलं होतं, पुस्तकांची पिशवी घेऊन आजीकडे जायची, विसर्जनाला परत यायची. दिवाळीची सुट्टी मात्र पूर्ण हातात येते. अकरावीची सीईटीतली प्रकरणं तेव्हा उजळून काढा.

डिसेंबरअखेर बारावीचा अभ्यासक्रम एकदा पूर्ण झालेला हवा. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. बोर्डाच्या काळात सीईटी बंद, याबद्दल मी ठाम आहे. सीईटीतून अभियांत्रिकीला जायचं तर बारावीला संबंधित विषयांत खुल्या गटासाठी ४५ टक्के पुरतात हे खरं, पण बोर्डाला लिहून केलेली तयारी सीईटीला उपयोगी पडतेच. बोर्ड संपल्यापासून सीईटीपर्यंतचे आठवडे फक्त सराव पेपर आणि चुकांची वही. या काळात नवीन पुस्तक, नवीन नोट्स, नवीन क्लास काहीही आणू नका.

बसायला जागा हा आणखी एक प्रश्न. एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, अशा घरातल्या मुलांनी लाजू नये, या शहरात ती परंपरा मोठी आहे. वरळीची अभ्यास गल्ली सगळ्यांना माहीत आहे, पिढ्यान्पिढ्या मुलं तिथे दिव्याखाली बसून शिकली. तुमच्या वॉर्डात पालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका असते, चौकशी करा. कॉलेजची लायब्ररी कॉलेज सुटल्यावर किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारा. सुटल्याबरोबर घरी पळण्यापेक्षा तिथे दोन तास बसून गर्दी ओसरल्यावर निघालं तर तोच प्रवास कमी त्रासाचा होतो.

पुस्तकांवर फार खर्च करू नका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सरावसंच निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, फक्त अभ्यासक्रमाचं वर्ष तपासून घ्या. जेईई-नीटसाठी केंद्र सरकारचं 'साथी' हे मोफत व्यासपीठ आहे. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण खिशात सूत्रांच्या दहा चिठ्ठ्या मावतात. कुर्ला ते दादर एवढ्या वेळात पाच चिठ्ठ्या मनात म्हणून होतात.

सराव पेपर देताना

सीईटी संगणकावर असते आणि पेपरचे दोन भाग असतात. आधी फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. ती संपल्यावरच गणित उघडतं, ५० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि गणितात १०८. पहिल्या भागातला वाचलेला वेळ गणिताला वापरता येत नाही. सरावही याच दोन तुकड्यांत करा.

केमिस्ट्री आधी उरका, तिथे आकडेमोड कमी असते. मग फिजिक्स. पहिल्या फेरीत जे पाहताच येतं तेवढंच सोडवायचं, अडलं की खूण करून पुढे. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. शेवटची तीन मिनिटं उरली की हात थांबवा आणि राहिलेल्या सगळ्यांना काही ना काही उत्तर द्या, कारण गुण कापत नाहीत. दरवर्षी मुलं दहा-बारा प्रश्न कोरे सोडून येतात आणि मला फार वाईट वाटतं. जेईई आणि नीटला मात्र नियम वेगळा ठेवा, एखादा तरी पर्याय खात्रीने खोडता आला तरच अंदाज करा.

अजून एक अडचण उशिरा लक्षात येते. घरी संगणक नसलेली मुलं मोबाइलवर सराव करतात आणि परीक्षेला पहिल्यांदा माऊस हातात घेतात. शिवाय पुस्तकात आपण प्रश्नाच्या शेजारीच गणित करतो, पडद्यावरचा प्रश्न कच्च्या कागदावर उतरवताना उणे चिन्ह राहून जातं. कॉलेजच्या संगणक कक्षात शिक्षकांना विनंती करून किमान पाच पेपर मोठ्या पडद्यावर द्या. जेईई-नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावरचे सराव पेपर यासाठी चांगले आहेत. नीटवाल्यांनी उलट करावं, ओएमआरच्या झेरॉक्स काढून दर रविवारी दुपारी २ ते ५ या खऱ्या वेळेत गोल भरायचा सराव करावा.

कागदपत्रं अकरावीतच

चांगले गुण मिळूनही प्रवेश हुकलेली मुलं मी पाहिली आहेत आणि बहुतेक वेळा कारण एखादा दाखला होता. त्यामुळे हे काम पालकांनी अंगावर घ्यावं आणि अकरावीच्या सुट्टीत संपवावं.

सगळ्यात वेळखाऊ जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हे अजूनही अनेक घरांत माहीत नसतं. विज्ञान शाखेत प्रवेश झाला की कॉलेजमार्फत अर्ज करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. समिती जुने पुरावे मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. मुंबईतली आपली बहुतेक कुटुंबं कोकणातून किंवा घाटावरून गिरण्यांच्या काळात आलेली. तो पुरावा मुंबईत नसतो, गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या दाखल्यावर असतो. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. सुट्टीत शाळा बंद असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा.

नॉन-क्रिमी लेअर लागणाऱ्यांनी त्याची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत आहे ना ते पाहावं. बारावीच्या फेब्रुवारीत काढलेला दाखला त्याच ३१ मार्चला संपणारा असेल तर तो जूनमध्ये उपयोगाचा राहत नाही. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर टीएफडब्ल्यूएस योजनेचा पर्याय अर्जात जरूर निवडा, त्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं आणि अशा ५ टक्के जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. मुलींसाठी जुलै २०२४ पासून, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ही माहिती घरातल्या मुलीला अकरावीतच सांगा, "फी परवडणार नाही" म्हणून ती मनातल्या मनात इच्छा मारून टाकते.

आणि आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच तपासा.

परीक्षेचा दिवस

केंद्र कुठेही येऊ शकतं. लालबागच्या मुलांना नवी मुंबई किंवा मीरा रोड आलेलं मी पाहिलंय. आदल्या दिवशी एकदा त्याच वेळेला जाऊन या. नीट सहसा मे महिन्यातल्या रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे शनिवारी तिन्ही मार्गांचं वेळापत्रक बघून ठेवा. नीटला दुपारी दीडनंतर दार बंद होतं आणि कुणाचंही ऐकलं जात नाही. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, फोटो. घरून नेहमीचं जेवण करून निघा. बाहेर थांबणाऱ्या पालकांनी पेपर सुटल्यावर "कसा गेला?" एवढंही विचारू नये, हातात पाण्याची बाटली द्यावी.

निकाल आणि कॉलेजांची यादी

सीईटी अनेक पाळ्यांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. तुमच्या पाळीतल्या ९५ टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या मुलाचे गुण ऐकून रडू नका.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांत पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षाचे कटऑफ समोर ठेवा, पण क्रम आपल्या इच्छेनेच लावा. वर मोठं कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. वरचं मिळालं नाही तरच खालचं पाहिलं जातं. उलट जिथे जायचंच नाही ते कॉलेज वर लिहिलं तर अडकाल. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तर ती जागा बंधनकारक होती. तुमच्या वर्षाचा नियम माहितीपुस्तिकेत वाचा आणि मगच क्रम लावा.

यादी पक्की करण्याआधी पहिल्या चार कॉलेजांना सकाळच्या गर्दीत घरापासून एकदा जाऊन या. दिव्याच्या त्या मुलाने असंच केलं होतं. क्लास त्याने फक्त गणिताचा लावला होता, दिव्यातच. यादीत तिसऱ्या क्रमांकावर असलेलं एक नावाजलेलं कॉलेज दोन गाड्या आणि एक बस बदलून पावणेदोन तासांवर निघालं. आईने पुन्हा एक कागद घेतला, पुढच्या चार वर्षांचे तास मांडले आणि ते नाव सातव्या क्रमांकावर गेलं.